प्रभुभोजनाचा प्याला आणि दारूचा प्रश्न : बडोद्यात वारंवार विचारलं जाणारं

बडोद्यातल्या मराठी ख्रिस्ती माणसाला हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. दांडिया बाजारातले शेजारी विचारतात, "तुमच्यात चालते ना?" आणि नगर-नाशिकहून बदली होऊन आलेली मंडळी विचारतात, "इथे दारूबंदी आहे, मग प्रभुभोजनाला देतात तरी काय?" दोन्हींची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. (प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी.) लिहिणारा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, म्हणजे सीएनआयचा आहे, त्यामुळे मतं तिकडची. कॅथलिकांचे आणि इतरांचे नियम मात्र त्यांचे जसे आहेत तसेच दिले आहेत. वचनांचे आकडे कंसात आहेत, बायबल उघडून ताडून घ्या.

१. ख्रिस्ती लोकांना दारू चालते, हे खरं ना?

सगळ्यांना नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि लुथरन परंपरांत माफक पिणं पाप मानत नाहीत, पण झिंगणं त्यांच्यातही पापच. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांचा, म्हणजे चर्चांचा, कल पूर्ण वर्ज्य करण्याकडे असतो. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट आणि मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) सैनिक तर सभासद होतानाच दारू न पिण्याचं वचन देतात. हिंदी सिनेमाने ख्रिस्ती पात्राच्या हातात कायमची बाटली दिली, त्याची किंमत आम्ही अजून शेजारपाजारी मोजतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या उंबऱ्याच्या आत थेंब आला नाही अशी ख्रिस्ती घरं फतेहगंजात आहेत.

२. पण बायबल काय म्हणतं? पिणं पाप की नाही?

दोन्ही बाजूंचे लोक आपापली वचनं पाठ करून वादाला येतात, आणि वचनं दोन्ही बाजूंना आहेत. द्राक्षारस माणसाचं मन आनंदित करतो आणि तो देवाची देणगी आहे, असं स्तोत्र सांगतं (स्तोत्र १०४:१५). त्याच बायबलात नोहा द्राक्षमळा लावतो, पितो आणि तंबूत उघडा पडतो (उत्पत्ति ९:२०-२१). जहाजातून वाचलेल्या नीतिमान माणसाची पुढची हकिकत ही.

नीतिसूत्रांचा तेविसावा अध्याय एकदा शांतपणे वाचाच (२३:२९-३५). तिथला दारुडा लाल डोळ्यांचा आहे, त्याच्या अंगावरच्या जखमा विनाकारण झालेल्या आहेत, त्याला भलतंसलतं दिसतं. तो डोलकाठीच्या टोकावर झोपल्यासारखा हलतो आहे. मारलं तरी कळलं नाही म्हणतो, आणि शुद्धीवर येताच पुन्हा कधी मिळेल ते विचारतो. ज्याने घरात असा माणूस पाहिला आहे त्याला हे वर्णन कोणी समजावून सांगावं लागत नाही.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, मद्यपीपणा स्पष्ट शब्दांत पापांच्या यादीत आहे (गलतीकरांस ५:२१, १ करिंथकरांस ६:१०), आणि द्राक्षारसाने धुंद होऊ नका, आत्म्याने भरून जा, अशी आज्ञा आहे (इफिसकरांस ५:१८). पिण्यावर सरसकट बंदी मात्र नाही. बंदी होती ती काहींना: पवित्र मंडपात सेवेला जाताना याजकांना (लेवीय १०:९), नवस केलेल्या नाजीरांना (गणना ६), पूर्वजाच्या शब्दाखातर रेखाबाच्या घराण्याला (यिर्मया ३५). बाप्तिस्मा करणारा योहान प्यायला नाही. येशू प्यायला, आणि त्याला खादाड व दारुडा म्हणून नावं ठेवली गेली (लूक ७:३३-३४).

मला निर्णायक वाटतं ते नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या पौलाचं म्हणणं: ज्याने भावाला ठेच लागते ते न खाणं-पिणं बरं (रोमकरांस १४:२१). दारूचा प्रश्न त्याने बाटलीपासून उचलून शेजारी बसलेल्या माणसापाशी नेला. शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. त्या काळी ऊर्ध्वपातन केलेलं मद्य नव्हतं, द्राक्षारसातही बहुधा पाणी मिसळत. आजच्या आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, त्याचा दाखला देऊन तिचा बचाव करणं हास्यास्पद आहे.

३. काना गावी येशूने केलेला द्राक्षारस आंबवलेला नसणार, नुसता रस असणार. बरोबर?

असं म्हणणारे सज्जन लोक बरेच आहेत, पण मजकूर त्यांच्या बाजूने नाही. भोजनकारभारी वराला म्हणतो की लोक चांगला द्राक्षारस आधी देतात आणि पाहुणे यथेच्छ प्यायले की हलका काढतात (योहान २:१०). साध्या रसाबद्दल असं कोणी बोलत नाही. रांजण सहा होते आणि हिशेबाने सगळा मिळून पावणेपाचशे ते सातशे लिटर भरतो, म्हणजे अख्ख्या गावाचं लग्न.

दुसरा मुद्दा ऋतूचा. त्या देशात द्राक्षांची तोडणी उन्हाळ्याच्या शेवटी, आणि वल्हांडण, म्हणजे येशूचं शेवटचं भोजन झालं तो यहूदी सण, मार्च-एप्रिलच्या सुमारास. शेवटच्या भोजनाच्या वेळी तोडणी होऊन निदान सहा महिने लोटलेले. फ्रीज नसताना रस इतके दिवस न आंबता ठेवण्याची रोजची पद्धत नव्हती. तरीही या गोष्टीत दारूची भलामण नाही. ही गोष्ट लिहिणारा योहान तिला "चिन्ह" म्हणतो, आणि त्यातून येशूचा गौरव प्रकट झाला, असं सांगून तो थांबतो.

४. मग पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला "थोडा द्राक्षारस घे" का सांगितलं?

पोटाच्या दुखण्यासाठी (१ तीमथ्य ५:२३). तीमथ्य नुसतं पाणी पीत होता, त्यावरून तो पूर्ण वर्ज्य करणारा असावा. औषधाचा सल्ला तेवढ्यापुरता. हे वचन मला बहुधा पोट ठणठणीत असलेल्यांकडूनच ऐकायला मिळतं.

५. चर्चमध्ये प्याल्यात नेमकं काय असतं?

कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, खरी वाईन. चर्च कायद्याचा नियम ९२४ सांगतो की ती द्राक्षांपासूनच केलेली, नैसर्गिक आणि न बिघडलेली हवी, आणि तिच्यात थोडं पाणी मिसळायचं. केरळच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांतही वाईनच, आणि भाकर आंबवलेली.

मेथडिस्टांकडे न आंबवलेला द्राक्षरस. त्यामागे एक दंतवैद्य आहे. अमेरिकेतल्या व्हाइनलँड गावचे थॉमस ब्रॅमवेल वेल्च मेथडिस्ट चर्चमध्ये प्रभुभोजनाची तयारी बघत. पाश्चरची उष्णता देण्याची पद्धत त्यांनी १८६९ साली द्राक्षरसाला लावली आणि तो बाटलीत न आंबता टिकवला. पुढे ते मोठं घराणं झालं रसाच्या व्यापाराचं. त्याआधी दारूबंदीच्या कट्टर समर्थकांनाही प्रभुभोजनाला वाईन घ्यावी लागे किंवा मनुका उकळाव्या लागत.

सीएनआयमध्ये एकच एक उत्तर नाही, आणि बदलीवर आलेले गोंधळतात ते इथेच. ही मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन झाली. महाराष्ट्रात तिच्यात अँग्लिकन आणि नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे प्रवाह मिसळले. गुजरातेत आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनचा वारसा मोठा आहे. त्यामुळे तिकडे वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून एकाच प्याल्यातून घेतलेला माणूस इकडे येतो, बाकावर बसून राहतो आणि पंच, म्हणजे मंडळीचे वडीलधारे कारभारी, छोट्या कपांचा ट्रे त्याच्यापुढे धरतात. प्रभुभोजन तेच, रीत वेगळी. कपात बहुतेक वेळा रस किंवा मनुकांचं पाणी असतं (कृती प्रश्न ९ मध्ये).

इथले मेथडिस्ट त्या एकीकरणात आले नाहीत, ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र आहेत. म्हणून बडोद्यात दोन वेगळ्या पाट्या दिसतात.

६. त्या प्याल्याचा अर्थ काय? तो खरोखर रक्त होतो का?

येशूने वल्हांडणाच्या भोजनात प्याला उचलून तो आपल्या रक्तातला नवा करार आहे असं म्हटलं (लूक २२:२०). ऐकणारे यहूदी होते. त्यांच्या कानांत लगेच सीनाय पर्वत घुमला असणार, जिथे मोशेने लोकांवर रक्त शिंपडून देवाचा करार पक्का केला (निर्गम २४:८), आणि यिर्मयाने सांगितलेला, हृदयावर लिहिला जाणारा नवा करार (यिर्मया ३१:३१-३४). म्हणजे प्याला प्रथम कराराचा आहे: देवाने शब्द दिला आणि तो स्वतःच्या जिवाने पाळला. दुसरं, तो पापक्षमेचा आहे (मत्तय २६:२८). तिसरं, तो एकत्र पिण्याचा आहे. आपण पुष्कळ असलो तरी एक शरीर आहोत, असं पौल म्हणतो (१ करिंथकरांस १०:१६-१७). आणि चौथं, तो वाट पाहण्याचा आहे, कारण पित्याच्या राज्यात नवा पिईन त्या दिवसापर्यंत पिणार नाही, असं येशू त्याच रात्री म्हणाला.

"खरोखर रक्त होतो का" यावर मंडळ्या फुटल्या आहेत. कॅथलिक शिकवण अशी की रूप, रंग, चव भाकरीची आणि वाईनचीच राहते, पण मूळ तत्त्व बदलून ते ख्रिस्ताचं शरीर-रक्त होतं. १२१५ च्या लॅटरन परिषदेने आणि पुढे ट्रेंट परिषदेने १५५१ साली हे ठामपणे मांडलं. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक लुथर तत्त्वबदल मानत नसे, पण ख्रिस्त तिथे खरोखर हजर आहे यावर अडून होता. स्विस सुधारक झ्विंग्लीसाठी ते स्मरण होतं. १५२९ साली मारबुर्ग इथे दोघे समोरासमोर बसले, बाकी जवळजवळ सगळ्यावर एकमत झालं आणि या एका प्रश्नावर अडलं. पुढे सुधारक काल्व्हिनने मधली वाट काढली: भाकर-द्राक्षारस तसेच राहतात, पण विश्वासाने घेणाऱ्याला पवित्र आत्मा खऱ्या ख्रिस्ताशी जोडतो. गुजरातच्या सीएनआयमधल्या जुन्या प्रेस्बिटेरियन घरांत नकळत हीच समजूत असते.

म्हणून "तुम्ही चर्चमध्ये दारू पिता" हे ऐकलं की कुणी रागावू नये, पण हो-हो करून सोडूनही देऊ नये. दारू माणूस परिणामासाठी पितो. इथे वाईन असली तरी परिणाम होण्याइतकी कोणी घेत नाही. ती चढायला लागली तर विधीच बिघडला, आणि करिंथमध्ये तसं झालंही (प्रश्न १५).

७. द्राक्षंच का? कोकम सरबत किंवा जांभळाचा रस का नाही?

कॅथलिकांत चालणारच नाही, नियम ९२४ पुरे. आमच्यात कायदा इतका कडक नसला तरी येशूने "द्राक्षवेलाचा उपज" म्हटलं (मत्तय २६:२९), आणि मनुका इथे प्रत्येक किराणा दुकानात मिळतात. अडचण नसताना बदलण्यात अर्थ दिसत नाही. युद्धकैद्यांच्या छावणीत किंवा आजाऱ्याच्या उशाशी जे मिळालं ते वापरलं गेलं, तर त्यावर बोट ठेवणारा मी नव्हे.

८. गुजरातेत दारूबंदी आहे. मग कॅथलिक चर्चमधली वाईन बेकायदा नाही का?

नाही. इथला दारूबंदी कायदा मूळ मुंबई राज्याचा, १९४९ चा. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा तो गुजरातने चालू ठेवला आणि २०११ साली त्याच्या नावातलं "मुंबई" काढून "गुजरात" केलं. त्याच्या कलम ४५ मध्ये धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या वाईनला अधिकृत परवानगी देण्याची सोय आहे. १९६६ पासून बडोदा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत आहे आणि हे व्यवहार चर्चच्या पातळीवर रीतसर होतात.

परवानगी विधीपुरती, हे ध्यानात ठेवा. ती फादरच्या वेदीसाठी आहे, पॅरिशच्या पार्टीसाठी नाही, तुमच्या फ्रीजसाठी तर मुळीच नाही. आपल्या घरच्या बाटलीला "चर्चची वाईन" म्हणण्याचा विनोद पोलिसांपुढे करू नये.

९. प्रभुभोजनासाठी रस घरी करायचा आहे. कसा करू?

पाव किलो काळ्या मनुका. दोन-तीन पाण्यांत धुवा, देठ काढा. लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळा, पळीच्या पाठीने चेचा, कोमट झालं की मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळा. एकदाच गाळलं तर तळाशी गाळ राहतो आणि छोट्या काचेच्या कपांत तो पहिल्या रांगेतल्या आजींना बरोबर दिसतो. साखर घालू नका, मनुका गोडच असतात. अॅल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रसाला त्याची चव लागते.

शनिवारी सकाळी करा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो. ओट्यावर राहिलेला रस काही तासांतच आंबायला लागतो. वर बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर ओतून टाका. दारूबंदीच्या राज्यात आंबलेल्या रसाने भरलेला ट्रे घेऊन पंच फिरताहेत, हे चित्र कुणालाच नको.

१०. सगळ्यांनी एकाच प्याल्याला तोंड लावायचं, रोग पसरत नाही का?

हीच भीती अमेरिकेत १८९० च्या दशकात वाढली आणि वेगवेगळ्या छोट्या कपांची पद्धत आली. आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्यांत तीच आहे. जिथे एकच प्याला आहे तिथे तो प्रत्येक वेळी पुसून फिरवतात, तरी सर्दी-खोकला असेल तर स्वतःहून मागे राहावं, किंवा चालत असेल तिथे भाकर प्याल्यात बुडवून घ्यावी. कोविडनंतर यावर कोणी नाक मुरडत नाही. कॅथलिकांत बहुतेक वेळा लोकांना फक्त भाकर देतात. एका रूपातही ख्रिस्त पूर्ण आहे अशी शिकवण असल्याने त्यात काही कमी पडतं असं मानत नाहीत. सामान्यांना प्याला न देण्याचा नियम १४१५ साली कॉन्स्टन्सच्या परिषदेने केला होता आणि त्यावरून बोहेमियात लढाया झाल्या. गेल्या शतकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो सैल झाला.

११. मी दारू सोडली आहे. प्याल्याची भीती वाटते. घेऊ की नको?

जिथे वाईन आहे तिथे नका घेऊ. यात श्रद्धा कमी असल्याचा प्रश्नच नाही. ज्याने व्यसन सोडलं आहे त्याच्यासाठी एक घोटही धोक्याचा असू शकतो, आणि बुडवलेल्या भाकरीतही वाईन असतेच. कॅथलिक असाल तर फक्त भाकर घ्या, ते पूर्ण कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनच, आहे (प्रश्न १० पाहा). व्यसनातून बाहेर आलेल्या फादरांनाही बिशपच्या परवानगीने मस्टम, म्हणजे आंबणं जेमतेम सुरू होताच थांबवलेला द्राक्षरस वापरता येतो. रोमने २००३ च्या पत्रात हे नियम स्पष्ट केले आहेत.

सीएनआयमध्ये पाळकांना उपासनेआधी बाजूला घेऊन एकदा विचारा, "आज कपात काय आहे?" हा प्रश्न विचारायला लाजू नका, आणि पाळक मंडळींनीही तो चारचौघांत मोठ्याने परत विचारू नये. खरं तर ज्या मंडळीत असा एकही माणूस आहे तिने सगळ्यांसाठीच रस ठेवावा. रोमकरांस १४ चा इतका सरळ उपयोग दुसरा नाही.

१२. गुजरातबाहेर गेल्यावर, दमणला किंवा मुंबईला, प्यायली तर?

कायद्याचा प्रश्न तिथे संपतो, वर प्रश्न २ मध्ये मांडलेला संपत नाही. इथे गुपचूप मिळवून पिणं वेगळं. त्यात कायदा मोडतो (रोमकरांस १३:१-५), आणि पैसा कुणाच्या हातात जातो ते माहीत असूनही डोळेझाक होते. हातभट्टीचा लठ्ठा प्यायल्याने २००९ साली अहमदाबादेत शंभराहून अधिक माणसं गेली, आणि २०२२ च्या जुलैत बोटाद भागात चाळिसाहून अधिक. मिथेनॉल डोळे आणि जीव दोन्ही घेतं. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले. ज्याच्याकडे रीतसर हेल्थ परमिट, म्हणजे प्रकृतीच्या कारणाने मिळालेला दारूचा परवाना, आहे त्याचा हिशेब त्याच्या डॉक्टरशी आणि देवाशी.

१३. वसईला आमच्या घरी नाताळला द्राक्षांची वाईन करायचे. इथे करू शकतो?

नाही. घरी मद्य तयार करणं या राज्यात गुन्हा आहे, आणि कलम ४५ तुमच्या बरणीला लागू नाही. मनुकांचा रस, दालचिनी-लवंग घालून उकळा. वसईच्या काकू "ही वाईन नव्हे" म्हणतील, म्हणू द्या.

१४. शेजारचं कुटुंब मुक्तिफौजेतलं आहे. ते प्रभुभोजन घेतच नाहीत. मग ते ख्रिस्ती कसे?

पुरेपूर ख्रिस्ती. मुक्तिफौजेने १८८३ साली हे विधी बंद केले. बाह्य विधीवाचूनही कृपा मिळते, असं त्यांचं म्हणणं. व्यसनातून बाहेर आलेल्यांच्या ओठांशी पुन्हा वाईन नेऊ नये, हाही विचार त्यात होता. मला विधी सोडवत नाही, पण दारुड्यांना गल्लीतून उचलून आणणाऱ्यांचा हा निर्णय मला कळतो.

याला जोडून दुसरा प्रश्न हमखास येतो: कॅथलिक आत्याच्या घरच्या मिस्साला गेलो तर कम्युनियन घ्यायचं का? सर्वसाधारण नियमाने नाही, तिथे ते कॅथलिकांसाठीच आहे. हात छातीवर दुमडून आशीर्वाद घ्यायला पुढे जाता येतं का, ते फादरना आधी विचारा. उलट बाजूने, सीएनआयमध्ये दुसऱ्या मंडळीच्या बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदाला सहसा अडवत नाहीत.

१५. शनिवारी रात्री लग्नात जास्त झाली. रविवारी प्रभुभोजन घ्यायचं का? आणि रोज पिणाऱ्याला पाळकांनी नाकारावं का?

पौलाने अयोग्य रीतीने घेण्याबद्दल कडक लिहिलं (१ करिंथकरांस ११:२७-२९), ते कोणत्या प्रसंगावर, ते आधी बघा. करिंथमध्ये पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन धुंद होत आणि मजुरीवरून उशिरा आलेले उपाशी राहत (११:२१). पौलाचा राग त्या अपमानावर आहे. तो सांगतो, स्वतःची परीक्षा करा आणि मग खा. परीक्षा करून घरी जा, असं तो सांगत नाही.

म्हणून शनिवारचा माणूस शुद्धीत असेल, पश्चात्ताप असेल, आणि लग्नात कुणाला काही बोलला असेल तर त्याची माफी मागायला तयार असेल, तर त्याने यावं. कॅथलिक असेल तर आधी पापनिवेदन. अजून चढलेलीच असेल तर मागच्या बाकावर बसावं आणि पुढच्या वेळी घ्यावं.

रोज पिणाऱ्याचं उत्तर कठीण आहे. उघड, हट्टाने चाललेल्या पापाबद्दल सभासदाला काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची शिस्त जवळजवळ सगळ्या जुन्या मंडळ्यांत आहे, पण ती पाळक आणि पंचांनी आधी घरी जाऊन, बोलून, वेळ देऊन वापरायची. रांगेत उभ्या माणसापुढून ट्रे वळवून नेणं ही शिस्त नव्हे. आणि जो पितो, बायकोवर हात उगारतो आणि रविवारी पहिल्या बाकावर बसतो, त्याच्याकडे जाण्याआधी पंचांनी त्याच्या बायकोकडे जावं. तिला राहायला सुरक्षित जागा आहे का ते विचारावं. गुजरातेत महिलांसाठीची अभयम हेल्पलाइन १८१ आहे, चोवीस तास चालते. तो नंबर मंडळीच्या सूचनाफलकावर लावावा.

१६. उरलेल्या भाकरीचं आणि द्राक्षारसाचं काय करतात?

कॅथलिक फादर प्याला स्वतः संपवतात, पाण्याने धुऊन ते पाणीही पितात. उरलेली भाकर आजाऱ्यांसाठी मंजुषेत, म्हणजे त्यासाठीच्या पवित्र पेटीत, ठेवतात. अँग्लिकन रीतीत उरलेलं आदराने तिथेच खाऊन-पिऊन संपवायचं. आमच्यात कुठे पंच पितात, कुठे झाडाच्या मुळाशी ओततात. बेसिनमध्ये ओतू नये, एवढं सगळेच मानतात. कप मोजून धुऊन ठेवा, दर वेळी एक तरी बाकाखाली सापडतो.